समुद्र नसला तरी सांडपाणी आहेच ना

"नागपुरात कालवं खातं कोण, मग नोरोव्हायरसची चिंता कशाला?" असं एकानं विचारलंय. नोरो म्हणजे उलट्या-जुलाब करणारा विषाणू. अहो, कालव (ऑयस्टर, शिंपल्यातला जीव) म्हणजे जिवंत गाळणी. दिवसाला शंभरेक लिटरपर्यंत पाणी गाळतं आणि गटारातून आलेला विषाणू पोटात साठवतं. स्वच्छ पाण्यात ठेवलं की ई-कोलाय (मैल्यातले जीवाणू) लवकर निघून जातात, नोरो मात्र चिकटून बसतो. म्हणून नुसती ई-कोलायची चाचणी फसवी.

आपल्याकडे कालवं नाहीत, पण भांडेवाडीच्या शुद्धीकरण केंद्रात येणारं शहराचं सांडपाणी आहे. तिथला नमुना तपासला तर दवाखान्यात न गेलेल्यांचाही अंदाज लागतो. मागच्या पावसाळ्यात आमच्या घरी चौघं आडवे झालो, डॉक्टरकडे एकटा मुलगा गेला. बाकी तिघांची नोंद फक्त संडासात!

आणि हो, सॅनिटायझरवर विसंबू नका बाप्पा, नोरोला साबण-पाणीच लागतं.