मदत हवी आहे : काकांच्या येझदीची किक घसरतेय

मंडळी, आम्ही साताऱ्याचे सात-आठ जण दर रविवारी पहाटे यवतेश्वर घाट चढून कासला जातो. टपरीवर चहा घेताना बुलेट की येझदी, हा वाद ठरलेला. येझदीच्या बाजूने काका एकटेच, पण हार मानत नाहीत! महिना झाला, त्यांची रोडकिंग (येझदीचंच एक मॉडेल) बंद आहे. हिच्यात किक आणि गिअरचा लिव्हर एकच. आतले दाते झिजलेत, किक मारली की पाय नुसता खाली जातो. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडला, म्हणून जुनाच पार्ट शोधतोय. दुसऱ्याच्या मागे बसून यायला काका तयार नाहीत, आणि त्यांच्याशिवाय भांडायला मजा नाही. कराड-कोल्हापूरकडे जुन्या येझदीचा खात्रीचा मिस्त्री कुणाला माहितीये का? खर्च आम्ही वाटून घेऊ. काकांना एवढ्यात कळू देऊ नका.