जुनी फोर्कलिफ्ट घेतोय, काय काय तपासू? मदत हवी आहे

मंडळी, गोडाऊनसाठी 3 टनाची सेकंडहँड डिझेल फोर्कलिफ्ट बघून आलो. मीटर फक्त 4200 तास दाखवतोय, पण ब्रेक पेडलचं रबर झिजून खालचं लोखंड चकाकतंय, सीट फाटलेली आणि बाकी अंगावर मात्र ताजा रंग, त्यामुळे मीटरवर माझा काडीचा विश्वास नाही. शिवाय मी पोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं, म्हणजे थंड स्टार्टला धूर किती मारते ते कळलंच नाही. परत जाताना न सांगता सकाळी सकाळी जाणार आहे.

फोर्कची (माल उचलणाऱ्या पुढच्या पात्यांची) जाडी टाचेपाशी, म्हणजे फोर्क जिथे वर वळतो तिथे, कॅलिपरने मोजणार, 10 टक्के झिजला की फोर्क बाद हे माहितीये. फोर्क वर ओढणाऱ्या चेनचं पण तसंच, 3 टक्के लांबली की बदलायची, पण मोजायची नेमकी कशी? किती लिंक धरायच्या, आणि चेन ताणलेली असताना की सैल?

दुसरं म्हणजे लोड टेस्ट. रिकामी उचलून दाखवली तेव्हा एकदम लोण्यासारखी वर गेली, पण त्याला काय अर्थ आहे! वजन उचलून 10 मिनिटं तशीच ठेवायची आणि मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा उभा सांगाडा) किती खाली सरकतो ते बघायचं असं वाचलंय. सरकलाच तर सिलेंडरचं सील गेलंय की कंट्रोल व्हॉल्व्ह लीक आहे हे जागेवर कसं ओळखायचं? मास्ट पुढे-मागे झुकवणाऱ्या टिल्ट सिलेंडरच्या रॉडवर ऑईलची ओली रेघ दिसली होती, मालक म्हणतो "ग्रीस आहे हो ते".

कोणी अशी गाडी घेतली असेल तर प्लीज सांगा.