तातडीने मदत हवी: आजोबांची पदकं काळी पडलीत, रविवारपर्यंत फ्रेम करायचीय

कोरडा_पाऊस:
आजोबांची पदकं आणि बाकीचं सामान ट्रंकेतून काढलंय, सगळं काळंकुट्ट. रविवारी चुलत-आते सगळी भावंडं जमणारेत आणि त्याआधी एका मोठ्या फ्रेममध्ये लावून देतो असं मी कबूल करून बसलोय. चांदीचं पॉलिश आणलं, एकावर लावून बघितलं तर रिबनवरच डाग पडला. तो कसा काढू? आणि मागच्या पिना काढून फेविक्विकने चिकटवलं तर चालतं का? प्लीज लवकर सांगा, "गूगल कर" नको.

अर्धा_चहा:
आजोबा सैन्यात होते का?

कोरडा_पाऊस:
नाही हो, राजदूत. तीसेक वर्षं वेगवेगळ्या देशांत. वर लिहिलंय ना.

अर्धा_चहा:
वर कुठे लिहिलंय?

सोडा_बाई:
एवढं काय त्यात. पातेल्यात ॲल्युमिनियम फॉइल घाल, वर गरम पाणी आणि खायचा सोडा, पाच मिनिटांत चकाचक. माझे सगळे चमचे मी असेच करते, घासायची भानगड नाही.

जुनं_नाणं:
अजिबात करू नका!! चमचा म्हणजे नुसती चांदी. पदकात चांदीवर सोन्याचा मुलामा असतो, मीनाकाम असतं, मधला गोल वेगळा बसवलेला असतो. गरम पाण्यात मीना तडकतो आणि आत शिरलेलं पाणी बाहेर येत नाही, मग सहा महिन्यांनी आतून हिरवं फुटतं. काळं म्हणजे काय तर हवेतल्या गंधकाचा चांदीवर बसलेला पातळ थर, दर वेळी पॉलिश केलं की त्याच्याबरोबर थोडी चांदीही जाते. मुलामा तर इतका पातळ असतो की दोनतीनदा घासला की खालची चांदी दिसायला लागते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा आणि थांबा. किती पदकं, कुठल्या देशांची, ठेवलेली कशात होती?

सोडा_बाई:
माझ्या चमच्यांना वीस वर्षांत काही झालं नाही.

जुनं_नाणं:
चमच्यांना मीना नसतो बाई.

कोरडा_पाऊस:
सात आहेत. ठेवलेली डब्यांत होती पण पुसायला म्हणून मी सगळी बाहेर काढली, आता कुठली डबी कुठल्याची कळत नाहीये. रबरबँड लावलेली पाकिटं होती, काही लोकरीच्या कापडात होती. एक चांदीचा ट्रे आहे, त्यावर नुसत्या सह्याच सह्या. सही केलेले दोन फोटो. मेनूकार्डांचा गठ्ठा. मेनूकार्डं टाकतोय.

जुनं_नाणं:
रबर आणि लोकर, दोन्हींतून गंधक निघतं. झालं, तुमचं काळेपण तिथलंच. आणि डब्या वेगळ्या केल्यात हे वाचून पोटात गोळा आला. प्रत्येक डबीच्या आत बिल्ल्याच्या आकाराचा खळगा असतो, बसवून बघा, जुळतील. काळ्या लाखेची पेटी असेल तर ती बहुतेक जपानची.

सेवानिवृत्त:
मेनूकार्ड टाकू नका. मी दूतावासात ऑफिसचं काम बघत होतो (राजदूत नव्हतो, उगाच गैरसमज नको). मागे पेन्सिलीने काही लिहिलंय का बघा, जेवताना शेजारी कोण बसलं होतं ते लोक तिथेच टिपून ठेवायचे. आणि तो ट्रे घासूच नका. राजदूत बदली होऊन निघाला की त्या शहरातले बाकी देशांचे राजदूत मिळून असा ट्रे भेट देतात, सगळ्यांच्या सह्या कोरून. कोरीव फार खोल नसतं, चार वेळा पॉलिश केलं की सह्या पुसट व्हायला लागतात. माझ्या एका साहेबांच्या बायकोने दर महिन्याला घासून अर्धे राजदूत घालवले होते.

टवाळ:
पर्सोना नॉन ग्राटा, म्हणजे यजमान देशाला नकोसे झालेले राजदूत 😄

नवा_उमेदवार:
नमस्कार, राजदूत व्हायचं असेल तर ग्रॅज्युएशनला कुठला विषय घ्यावा? फ्रेंच लागतं का?

अर्धा_चहा:
वेगळा धागा काढा हो.

कोरडा_पाऊस:
कृपया पदकांबद्दल बोला. फोटो अपलोड होत नाहीये. एकाची रिबन पांढरी आणि दोन्ही कडांना लाल. ते कुठलं?

जुनं_नाणं:
जपान. ऑर्डर ऑफ द रायझिंग सन, 1875 पासूनची.

उत्तरध्रुव:
एवढ्यावरून जपान कसं म्हणता? डेन्मार्कची डॅनेब्रोग नावाची ऑर्डर आहे, तिची रिबनही पांढरी, कडा लाल. बिल्ला कसा आहे ते विचारा ना आधी.

जुनं_नाणं:
मी पंधरा वर्षं गोळा करतोय.

उत्तरध्रुव:
करा की. किरणं फुटलेला सूर्य असेल, मध्ये लाल खडा आणि वर तीन हिरवी पानं, तर जपान. लांबट पांढरा क्रॉस, लाल किनार आणि वर मुकुट असेल तर डेन्मार्क.

कोरडा_पाऊस:
क्रॉस आहे. मागे तीन सालं आहेत, 1219, 1671, 1808. म्हणजे हे आठशे वर्षं जुनं आहे???

टवाळ:
आजोबा 1219 ला रुजू झाले असणार. पेन्शनचा हिशोब बघा.

उत्तरध्रुव:
डॅनेब्रोगच. लढाई चालू असताना डेन्मार्कचा झेंडा आकाशातून पडला अशी दंतकथा आहे, तिचं साल 1219. 1671 ला पाचव्या क्रिस्तियनने ही ऑर्डर सुरू केली आणि 1808 ला सहाव्या फ्रेडरिकने नियम बदलले. बिल्ला तुमच्या आजोबांच्याच काळातला. पण आता नीट वाचा, हा तुमचा नाही. मानकरी वारला की घरच्यांनी बिल्ला परत पाठवायचा असतो, कोपनहेगनच्या ऑर्डेन्सकापिटलेटकडे, म्हणजे या ऑर्डरचा कारभार बघणाऱ्या कार्यालयाकडे. दूतावासात विचारा, मार्ग सांगतील. नॉर्वेच्या सेंट ओलाव ऑर्डरचंही तसंच.

सोडा_बाई:
हा काय प्रकार! दिलेली भेट परत मागतात? आम्ही तरी मागत नाही.

सेवानिवृत्त:
भेट नव्हे ती. ऑर्डर म्हणजे एक मंडळ, त्यात तुम्हाला घेतलं, बिल्ला ही त्याची खूण, माणूस गेला की खूण परत. सनदेचा कागद मात्र घरीच राहतो, आणि खरी किंमत त्याचीच. कागद आहे ना?

कोरडा_पाऊस:
आहे, डेन्मार्कचा आहे. बाकीच्या चारांचे आहेत, दोघांचे नाहीत. आता आत्याला काय सांगू, फ्रेमच्या मधोमध तोच लावायचा असं तिने ठरवलंय.

उत्तरध्रुव:
त्याच मापाचा चांगला फोटो काढा, पुढून आणि मागून, आणि तो लावा. कोटाला लावायचा छोटा मिनिएचर असेल तर शोधा. तो बहुतेकदा माणूस स्वतः विकत घेतो, तो परत करावा लागत नाही.

जुनं_नाणं:
ठीक, डेन्मार्क मान्य. पण फ्रेमबद्दल माझं ऐका. फेविक्विक नाही, फेविकॉल नाही, कसलाच गम नाही. जाड ॲसिड-फ्री पुठ्ठ्यावर धुतलेलं सुती कापड ताणून घ्या आणि रिबनच्या कडीतून दोऱ्याने टाके घाला, पिनांना हात लावू नका. मागे फेल्ट किंवा लोकर नको. काच बिल्ल्याला टेकता कामा नये, आणि उन्हाच्या भिंतीवर लावलंत तर रेशमाचा रंग बघता बघता उडेल. सह्यांचे फोटो तर लावूच नका, कॉपी लावा. पीव्हीसीच्या पाकिटात काही ठेवलं असेल तर आज काढा, ते चिकट होतं आणि धातूला हिरवं करतं.

कोरडा_पाऊस:
बरं. डब्या जुळल्या, सहा. सातवी माझ्या भावाच्या मुलाने खडू ठेवायला घेतलीय, काढून घेतो. मेनूकार्डाच्या मागे खरंच लिहिलंय, आजोबांचं अक्षर आहे, "उजवीकडचा झोपला". पण रिबनवरच्या डागाचं कुणीच सांगितलं नाही अजून.

जुनं_नाणं:
पाणी लावू नका, लाल पांढऱ्यात उतरेल. पॉलिश वाळू द्या, मग मऊ ब्रशने पूड झटका, जेवढं निघेल तेवढं. बाकी राहू द्या. कुठल्या पदकाची रिबन?

कोरडा_पाऊस:
पांढरी. लाल कडांची.

टवाळ:
कोपनहेगनला कळवा मग.