मदत हवी आहे: डोळ्याची कॉन्फोकल तपासणी जवळात जवळ कुठे होते?

राम राम मंडळी. आम्ही अमळनेर तालुक्यातले. तीन आठवड्यांपूर्वी पऱ्हाटी उपटताना आबांच्या उजव्या डोळ्यात काडी लागली. त्यांनी मेडिकलमधून कसलेसे थेंब आणून घातले, घरात सांगितलंही नाही! त्यात स्टेरॉइड होतं हे मागाहून कळलं. आता बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढुरका डाग आहे, कडा पिंजलेल्या कापसासारख्या.

डॉक्टरांना बुरशीचा संशय आहे. खरवडून घेतलेल्या नमुन्यात काही सापडलं नाही, कल्चरला (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायला) वेळ लागतोय. तोवर नाटामायसिन हे बुरशीवरचे थेंब तासातासाला चालू आहेत. त्यांनीच कॉन्फोकल मायक्रोस्कोपी सुचवली. बुबुळावरचा पारदर्शक पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. या तपासणीत तो न कापता थराथराने बघता येतो आणि बुरशीचे धागे जिवंत डोळ्यातच दिसतात म्हणे. जिवाणू मात्र फार बारीक, ते यात ओळखू येत नाहीत.

जळगाव-धुळ्यात चौकशी केली, सगळे पुढचं बोट दाखवतात. नाशिक, संभाजीनगर की थेट मुंबई? कुणी केली असेल तर खर्च किती आला, रिपोर्ट त्याच दिवशी मिळाला का, सांगा. सुन्न करणारे थेंब आणि जेल घालून यंत्राचं टोक डोळ्याला टेकवतात, हे ऐकल्यापासून आबा अडून बसलेत. "टोचीन का रे भो?" एवढंच विचारतात. जखम असलेल्या डोळ्याला ते कितपत सोसतं, हेही अनुभवी माणसाने सांगावं. एसटीने न्यायचं आहे, म्हणून एका फेरीत काम होईल असं ठिकाण सुचवा.