झिंक ऑक्साइड थांबवलं की डुकराच्या पिल्लांना पुन्हा हगवण: मदत हवी आहे

शिरूर, जि. पुणे. लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीची, 28 व्या दिवशी दूध तोडलेली, सरासरी 7 किलोची 38 पिल्लं. खाद्य घरीच भरडतो, गोळी पेंड नाही: मका 55, सोयापेंड 25, गव्हाचा कोंडा 10, फिशमील 5, खनिज मिश्रण 2, चुनखडी 1.5, तेल 1, मीठ 0.5 टक्के.

त्यावर हगवण रोखायला टनाला अडीच किलो झिंक ऑक्साइड (जस्ताचं संयुग) 14 दिवस. तोवर शेण घट्ट. बंद केल्यावर तीन-चार दिवसांत पिवळी, पातळ हगवण. ताप नाही, मर नाही, पण वाढ अडते. मुदत वाढवायची नाही, कारण जास्त दिवस जस्त दिलं की तांब्याचं शोषण बिघडतं.

लोहाचं इंजेक्शन, जंतनाशक, स्वाइन फीवरची लस झाली आहे. पाणी उकळून पाहिलं, फरक नाही. 1 टक्का सायट्रिक ॲसिडही फुकट गेलं. चुनखडी आणि झिंक ऑक्साइड दोन्ही पोटातलं आम्ल मारतात, म्हणून शंका तिथेच येते. कोलिस्टिन (प्रतिजैविक) सुचवू नका, भारतात अशा जनावरांसाठी 2019 पासून बंदी आहे.

चुनखडी कमी करून फायटेज (धान्यात अडकलेलं फॉस्फरस मोकळं करणारं विकर) घातलं, तर ॲसिड झिंकसोबतच सुरू करावं की झिंक थांबवल्यावर? आणि जिवंत यीस्ट त्याच खाद्यात चालेल का?