शिडाच्या २० फुटी बोटीला किती ताकदीचं आउटबोर्ड घ्यावं?

शीडवेडा:
बोट २० फुटांची, पाण्याच्या रेषेवर लांबी १७ फूट, सामानसुमान धरून वजन साधारण ९०० किलो. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे टांगायचं मशीन, लागणार ते धक्क्यावरून निघायला, परत लागायला आणि वारा पडला तर घर गाठायला. अडीच हॉर्सपॉवरचं पुरेल, की सरळ सहाचं घेऊ? दुकानदार म्हणतो, ताकद जास्त असलेली कधीही बरी. मी बहुतेक वेळा एकटाच जातो, त्यामुळे वजनाचाही विचार आहे.

खारावारा:
हॉर्सपॉवरचं नंतर बघू. आधी शाफ्टची लांबी, म्हणजे मशीन टांगतात तिथपासून खाली पंख्यावरच्या पट्टीपर्यंतचं अंतर, ठरवा, कारण तिथे चुकलं तर सहाचं मशीनही कामाचं नाही.

शाफ्ट साधारण १५, २० आणि २५ इंची मिळतात. १५ इंची तुमच्यासाठी नाहीच. एकटा माणूस धक्क्याला लागताना काय होतं ते बघा. दोर घेऊन तुम्ही नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला जाता, वजन पुढे गेल्याबरोबर बोटीची मागची बाजू उचलली जाते. पंखा वर येतो आणि पाण्याऐवजी हवा ओढायला लागतो. मशीन किंचाळतं, बोट मात्र ढिम्म, आणि नेमकी तेव्हाच तुम्हाला ती थांबवायची असते. समोरून लाटा असतील तर दर लाटेला हेच. म्हणून मी शिडाच्या बोटीला २० इंचाच्या खाली कधीच सुचवत नाही.

आता ताकद. १७ फुटांच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणा, साडेपाच नॉट (तासाला सागरी मैल) येतात. तुमच्या बोटीचा वेग साधारण तिथेच अडतो. पुढे ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते आणि वाढीव ताकद फुकट जाते. टनामागे चार हॉर्सपॉवर हा जुना ठोकताळा धरला तर तुम्हाला साडेतीन-चार पुरे. शांत पाण्यात अडीचवरही बोट छान चालेल, पण समोरून वारा आणि उलटा प्रवाह एकत्र आले की ती जागची हलणार नाही.

अडीचवाल्यांबद्दल माझी खरी तक्रार वेगळीच आहे. त्यातल्या बऱ्याच मशिनांना रिव्हर्स गिअर नसतो, मागे जायला अख्खं मशीन फिरवावं लागतं. आडवा वारा असताना एका हातात सुकाणू धरून, मागे वाकून हे करायचं? एकट्याने नकोच.

अनेक कंपन्यांची ४, ५ आणि ६ ची मशिनं एकाच ब्लॉकवर (इंजिनच्या सांगाड्यावर) बांधलेली असतात, वजन सगळ्यांचं २५-२७ किलोच्या आसपास. त्यामुळे वजनासाठी चारचं घेण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा पंख्याची चौकशी करा. सोबत येणारा पंखा बहुधा हलक्या, पळणाऱ्या होडीसाठी असतो. तुम्हाला कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर पुढे नेणारा हवा. जड बोट तोच ढकलतो, आणि थांबवतोही तोच.

दर्यागंध:
इलेक्ट्रिकचा विचार केलात का? १ किलोवॉटची मोटर आणि सव्वा किलोवॉट-तासाची बॅटरी, म्हणजे पूर्ण वेगात जेमतेम सव्वा तास. पण वेग थोडा उतरवला की वेळ कितीतरी वाढतो. बॅटरी सुटी निघते, त्यामुळे उचलायला सोपं. कार्बोरेटरची कटकट नाही. फक्त प्रवाह जोराचा असेल तिथे भरवसा ठेवू नका.

शीडवेडा:
आमच्याकडे ओहोटीला प्रवाह चांगलाच ओढतो, तेव्हा पेट्रोलच. ब्रॅकेट (मशीन टांगायची वर-खाली होणारी चौकट) पूर्ण खाली केल्यावर त्याची वरची कड पाण्यापासून ११ इंचांवर येते. २० इंची चालेल?

खारावारा:
चालेल. पंख्यावरची आडवी पट्टी ९ इंच पाण्याखाली राहील. पण उलटंही तपासा: ब्रॅकेट वर घेऊन मशीन तिरकं केल्यावर पंखा पाण्याबाहेर येतो का? नाही आला तर शिडावर असताना तो सतत मागे ओढत राहील.

फोर-स्ट्रोक घेतलंत तर आडवं ठेवताना पुस्तिकेत सांगितलेल्या कुशीवरच ठेवा, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. खाऱ्या पाण्यातून आलात की गोड्या पाण्यावर चालवून धुवा, आणि ते बरेच दिवस उभं राहणार असेल तर शेवटी पेट्रोलचा कॉक बंद करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. छोट्या मशिनांचं जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल जायचं बारीक भोक) उरलेल्या पेट्रोलच्या चिकट थरानेच तुंबतं.

शीडवेडा:
मग सहाचं, २० इंची, कमी पिचच्या पंख्यासकट. ब्रॅकेट किती किलो पेलतं ते उद्या बघतो.

खारावारा:
ब्रॅकेटचे बोल्ट आतून कशावर आवळलेत तेही बघा. मागे लाकडाची किंवा धातूची पट्टी नसेल तर मशीन चढवायच्या आधी ती लावून घ्या. रिव्हर्स टाकला की सगळा ओढ त्या चार बोल्टांवर येतो.