ट्रॅक्टर चार्जिंग नाही करून राहिला, अर्जंट मदत हवी

कुहीवाला
भाऊ लोक, ट्रॅक्टर चार्जिंग नाही करून राहिला. बॅटरी नवीनच आहे तरी सकाळी सेल्फ मारला की नुसता टक करते अन बसते, रोज शेजाऱ्याचा ट्रॅक्टर लावून ओढा लागते. हरभऱ्याची पेरणी अंगावर आली आहे. बॅटरी चार्ज करते तो अल्टरनेटर काढून नागपूरले नेला होता, बेंचवर तपासला तर ओके आहे म्हणे. ज्याले माहीत आहे त्यानंच सांगा, टाइमपास नको.

उमरेड_रोड
कोणता ट्रॅक्टर? किती साल?

कुहीवाला
जुना आहे. त्यानं काय फरक पडते, चार्जिंग सगळ्यात सारखंच असते ना.

उमरेड_रोड
नाही ना भाऊ. बॅटरी चार्ज करायले जुन्यात डायनामो अन कटआउट (बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जाऊ न देणारा स्विच) असते, नंतरच्यात अल्टरनेटर. मॉडेल सांगशील तर लोकं बोलतील.

कुहीवाला
बी-२७५. डायनामो वडिलांनी कधीचाच काढला, अल्टरनेटर बसवला. बरेच वर्षं मस्त चालला.

पुणेरी_बागायतदार
नमस्कार. एवढी जुनी मशीन सांभाळण्यापेक्षा विकून टाका आणि थोडे घालून नवीन घ्या. विकताना आरसी, विमा आणि कर्ज फिटल्याची एनओसी तिन्ही तयार ठेवा, नाहीतर आरटीओत हेलपाटे होतात. आमच्याकडे हेच झाले होते.

कुहीवाला
विकाचा नाही आहे हो.

मिस्त्री_हिंगणा
सोपं आहे. गाडी चालू कर, रेस वर ठेव अन बॅटरीची मायनस तार काढ. बंद पडली तर अल्टरनेटर खराब, चालू राहिली तर बॅटरी खराब. आम्ही लहानपणापासून असंच पाहून राहिलो, मीटरबिटर लागत नाही.

वाडी_ऑटोवाला
कुहीवाला भाऊ, हे करू नको रे बावा!! अल्टरनेटर चालू असताना बॅटरी काढली की व्होल्टेज एकदम उसळते, आतले डायोड अन रेग्युलेटर जळते. डायनामोच्या काळातली युक्ती आहे ती. अन डिझेल ट्रॅक्टर बॅटरी काढल्यावर बंद पडतच नाही, पंप मेकॅनिकल आहे, त्याले करंट लागते कुठं? मग त्या टेस्टमधून समजणार काय?

मिस्त्री_हिंगणा
माझ्या हातून आजपर्यंत एकही डायोड नाही जळला.

वाडी_ऑटोवाला
जळले असतील, गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेले असतील.

मिस्त्री_हिंगणा
तू दुकानात बसून बोर्ड रंगव. मी शेतात जाऊन काम करतो.

मौद्याची_धानवाली
भांडू नका बरं दोघं. कुहीवाले भाऊ, बॅटरीचे टर्मिनल साफ केले का? आमच्या इथं पांढरं-हिरवं बुरशीसारखं साचलं होतं, वरून तार घट्ट दिसत होती पण आतून खाल्लेली. गरम पाणी अन खायचा सोडा टाकून धुतलं. अन इंजिनपासून चेसिसले जाते ना ती अर्थिंगची पट्टी, ती पण पाहा, वर रंग मारला असेल तर करंट जात नाही.

कुहीवाला
टर्मिनल साफ आहे ताई. अर्थिंग पण पाह्यली, नवीन वायर टाकली.

सौर_शेतकरी_काटोल
माझं ऐका, बॉनेटवर एक छोटं सोलर पॅनल बसवून टाका, १२ व्होल्टचा चार्ज कंट्रोलर लावा, झालं. अल्टरनेटरची कटकटच नाही. मी संत्र्याच्या बागेत कुंपणाची झटका मशीन त्याच्यावरच चालवून राहिलो, एक डुक्कर आत नाही येत. कोणाले पाहिजे तर सर्किट सांगतो.

उमरेड_रोड
दादा, डुकरांचा विषय वेगळा आहे.

सौर_शेतकरी_काटोल
नुकसान कोणाचं होते ते आम्हाले विचारा. सरकारी कुंपणाचे फॉर्म भरून थकलो.

उमरेड_रोड
खरं आहे, पण आत्ता याचा ट्रॅक्टर. कुहीवाला, मल्टिमीटर आहे का? इंजिन बंद असताना बॅटरीवर किती, चालू असताना किती, ते लिही. बंद असताना साडेबाराच्या वर पाहिजे, चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ च्या मधात.

कुहीवाला
भाच्याकडे आहे. पाह्यलं. बंद असताना १२.३. चालू केल्यावर आयडलवर पण १२.२ च. पण गंमत अशी की फुल रेस केली तर एकदम १४ होते, अन मग रेस सोडून आयडलवर आणली तरी १४ च राहते. बंद करून परत चालू केला की पुन्हा १२.२. म्हणूनच रोटाव्हेटर मारला त्या दिवशी बॅटरी चांगली राहते, अन पेरणी यंत्र लावून हळूहळू चालवला, मधात मधात बंद केला, की संध्याकाळी खलास.

मिस्त्री_हिंगणा
बेल्ट ढिला. अंगठ्यानं दाबून पाह्य, अर्ध्या इंचाच्या वर दबत असेल तर ताण.

वाडी_ऑटोवाला
बेल्ट ढिला असता तर रेस दिल्यावर घसरला असता, चिरकला असता. इथं उलटं आहे, एकदा उचलला की सोडत नाही. याचा अर्थ अल्टरनेटर चांगला आहे, त्याले सुरुवातीची ठिणगी मिळत नाही. हे आधीच सांगितलं असतं तर एवढे पोस्ट झाले नसते. आता एक सांग, चावी ऑन केली, इंजिन बंद, तेव्हा मीटरमधला लाल चार्जिंगचा दिवा लागते का?

कुहीवाला
लागते ना. आधी मंद पिवळट लागायचा, आता तर लख्ख लागते. चालू केल्यावर फुल रेस दिली की विझते.

वाडी_ऑटोवाला
"आता लख्ख" म्हणजे? बल्ब बदलला का?

कुहीवाला
हो, दसऱ्याले पूजेच्या आधी भाच्यानं मीटरमध्ये सगळीकडे एलईडी टाकल्या. दिव्याचा अन चार्जिंगचा काय संबंध पण? बॅटरी उतराची तक्रार दसऱ्यानंतरचीच आहे, पण ती बॅटरी तशीही जुनी होती म्हणून नवीन घेतली.

वाडी_ऑटोवाला
सापडलं. सगळाच संबंध आहे. अल्टरनेटरच्या आत रोटर असते, तो आधी चुंबक झाला तरच करंट बनते. चुंबक करायले थोडा करंट बॅटरीतून जावा लागते, अन तुमच्या जोडणीत तो त्याच लाल दिव्याच्या बल्बमधून जाते. दोन-सव्वादोन वॅटचा साधा तारेचा बल्ब असला की पावणेदोनशे-दोनशे मिलीअँपिअर जाते. एलईडीतून जाते दहा-वीस. दिवा झकास लागते, रोटर उपाशी. मग रेस वाढवली की रोटरमध्ये उरलेल्या जुन्या चुंबकीवर तो कसाबसा उचलते, एकदा उचलला की स्वतःच्याच करंटवर चालते, बंद करेपर्यंत.

पुणेरी_बागायतदार
एलईडीमुळे वीज वाचते असे वाचले होते.

वाडी_ऑटोवाला
वाचते साहेब, इथं नेमकी तीच वाचायला नको होती. कुहीवाला, खात्री करून पाहायची असेल तर इंडिकेटरचा साधा १२ व्होल्टचा बल्ब घे, होल्डरले दोन तारा जोड. चावी बंद, इंजिन बंद. अल्टरनेटरच्या ज्या छोट्या टर्मिनलवर दिव्याची तार येते ती काढ, मग बल्बची एक तार बॅटरीच्या प्लसले अन दुसरी त्या टर्मिनलले. बल्ब पेटला की पाना अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ ने, पंखा फिरत नसतानाच. चटकन खेचला पाहिजे. नाही खेचला तर कार्बन (रोटरले घासून करंट देणारे ब्रश) झिजले असतील, मग अल्टरनेटर खोलाच लागते.

मिस्त्री_हिंगणा
पाना चिकटवाची टेस्ट बरोबर आहे, आम्ही पण करतो.

मौद्याची_धानवाली
एवढं पटलं म्हणजे आज मोठीच गोष्ट झाली 😄

कुहीवाला
पाना एकदम चिकटला भाऊ, सोडवाले जोर लावा लागला. मीटरमधली ती एक एलईडी काढून जुनाच बल्ब टाकला, भाच्यानं डब्यात ठेवले होते सगळे. आता चालू केल्याबरोबर आयडलवर १३.९. दोन्ही हेडलाईट अन मागचा दिवा लावला की १३.१ वर येते, तेव्हा बेल्ट थोडा चिरकते. बेल्ट बदलून घेतो.

मिस्त्री_हिंगणा
सांगितलं होतं ना बेल्ट.

वाडी_ऑटोवाला
😐 बेल्ट घेताना जुना सोबत ने, नंबर घासलेला असते.

मौद्याची_धानवाली
वाडीवाले भाऊ, आमच्याकडे अजून डायनामोच आहे. त्याचा दिवा गेला तर तो पण असाच बंद पडते काय?

वाडी_ऑटोवाला
नाही ताई. डायनामो आतल्या उरलेल्या चुंबकीवरच उचलते, त्याचा दिवा फक्त दाखवायचा. चार्ज नसेल करत तर इंजिन बंद ठेवून डी (करंट बाहेर देणारं टर्मिनल) अन एफ (आतल्या चुंबकाचं टर्मिनल) च्या दोन्ही तारा डायनामोवरून काढा, दोन्ही टर्मिनल एका तुकड्यानं जोडा, मल्टिमीटरची एक तार तिथं अन दुसरी बॉडीले लावा. मग चालू करून रेस हळूहळू वाढवा. १४-१५ व्होल्टपर्यंत चढलं की लगेच सोडा, जास्त दिली तर जळते. चढलं म्हणजे डायनामो बरा, कटआउट किंवा वायरिंग पाहा. चढलंच नाही तर आधी कार्बन पाहा.

सौर_शेतकरी_काटोल
झटका मशीनचं सर्किट पाहिजे होतं का कोणाले?